पुसट रेघ : निपाणीजवळच्या दूध केंद्रावरचं एक तपासणी प्रकरण

या नोंदीतली गावं, संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि दोन-तीन तपशील मुद्दाम हलवले आहेत. बाटल्यांचे क्रमांक मात्र तसेच ठेवलेत, कारण सगळा घोळ त्या क्रमांकांतच झाला.

पार्श्वभूमी

निपाणी भागात पहाटे साडेपाचला कुठल्याही दूध संस्थेसमोर उभं राहा, पहिला प्रश्न तोच ऐकू येतो : ‘काल फॅट किती लागली?’ सचिव, मापाडी आणि टेस्टर या तिघांवर संस्था चालते. मापाडी दूध मोजतो, सचिव वही सांभाळतो आणि टेस्टर बाटलीतल्या दुधाची फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरवर दिसणारा दाटपणा) काढतो. दहा दिवसांचं बिल टेस्टरच्या आकड्यावर निघतं. त्यामुळे गावात त्याला मान असतो आणि त्याच्यावर डोळाही असतो.

आमच्या शीतकरण केंद्रावर चौदा गावांच्या संस्थांचं दूध यायचं, दोन्ही वेळचं मिळून पाच हजार लिटरच्या आसपास. थंड करून ते टँकरने मोठ्या डेअरीला जायचं. केंद्रावर गुणवत्तेचं काम माझ्याकडे होतं. त्याआधी सहा वर्षं मी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्रॅक तपासायला होतो. लोखंडाकडून दुधाकडे आलो म्हणून मित्र हसायचे. मला मात्र दोन्हीकडचं काम एकाच जातीचं वाटायचं : शेकडो चांगल्या वस्तू डोळ्यांखालून घालायच्या आणि त्यातली एखादी संशयाची बाजूला काढायची.

फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी नग, चुंबकित करतात, त्यावर लोखंडाची चमकणारी भुकटी मिसळलेलं द्रावण ओततात आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरतात. भेग असेल तिथे भुकटी गोळा होते आणि हिरवट रेघ चमकते. पण कोपरा धारदार असेल, जाडी एकदम बदलत असेल, तिथेही भुकटी जमते. नवखा माणूस अशा प्रत्येक रेघेला भेग समजतो. मला शिकवणारे मिस्त्री दर आठवड्याला एकदा तरी बजावायचे, ‘तू खडूनं खूण कर. भंगार ठरवायचा पगार तुला मिळत नाही.’ खूण केलेला नग वेगळ्या टेबलावर जायचा, तिथे दुसरा माणूस तो घासून, पुन्हा तपासून काय ते ठरवायचा. ही दोन टेबलं मी दुधात आल्यावर विसरलो. पुढचं प्रकरण त्या विसरण्याचं आहे.

अडचण

पावसाळ्याच्या तोंडावर गोठे ओले होतात आणि कासदाह, म्हणजे आपल्याकडे ज्याला दगडी म्हणतात तो, वाढतो. जनावराच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. जनावर बरं होतं, पण औषध काही दिवस दुधात उतरत राहतं. ट्यूबवर दूध किती दिवस घालायचं नाही ते छापलेलं असतं. तसा मुदतीचा आकडा दिलेला नसेल तर आपल्या कायद्याने दुधासाठी किमान सात दिवस धरायचे असतात. गोठ्यात हे सात दिवस कोण मोजतं? रोजचं आठ-नऊ लिटर ओतून द्यायचं आणि पेंडीची उधारी तशीच वाढवायची, हे सोपं नाही.

असं दूध उकळून शुद्ध होत नाही. त्याचं दही नीट लागत नाही, पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्याला ते बाधू शकतं, आणि रोगजंतू औषधाला सरावण्याचा मोठा प्रश्न आहेच. पेनिसिलिनसाठी दुधातली मर्यादा लिटरमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब केला तर एक ग्रॅम औषध अडीच लाख लिटर दूध मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. त्या वर्षी आमचा अख्खा टँकर याच कारणाने मोठ्या डेअरीच्या दारातून परत आला. दूध ओतून द्यावं लागलं आणि नुकसान चौदाही संस्थांवर लिटरच्या प्रमाणात वाटलं गेलं. तेरा संस्थांचं म्हणणं एकच, आमचा काय दोष? चौदावी कोणती हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे तेरा नव्हे, चौदाही संस्था तेच म्हणत होत्या.

समोरचे पर्याय

प्रत्येक शेतकऱ्याचं दूध रोज औषध ओळखणाऱ्या पट्टीने तपासायचं, हा पहिला विचार. तो खर्चात बसत नव्हता. शिवाय त्यात एक डाव आहे जो पटकन ध्यानात येत नाही. समजा हजार किटल्यांत दहा खरोखर औषधाच्या आहेत आणि चाचणी शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर सांगते. मग दहांपैकी नऊ-दहा सापडतील, पण उरलेल्या ९९० चांगल्या किटल्यांतल्या जवळपास पन्नास किटल्याही ती संशयित म्हणून दाखवेल. म्हणजे पकडलेल्या साठांत पन्नास निर्दोष. हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत, आमच्या किटचे नाहीत. पण जिथे दोष क्वचित असतो तिथे चाळणीवर अडकलेलं बहुतेक चांगलंच असतं, हे गणित विमानतळावरच्या बॅगांनाही लागू आहे आणि रक्तपेढीतल्या बाटल्यांनाही.

दुसरा पर्याय होता शेतकऱ्यालाच विचारण्याचा : औषध दिलंय का, सांग, दूध वेगळं घेऊ. बैठकीत यावर हशा झाला. ‘सांगून कोण स्वतःचं दूध ओतून घेईल?’ मीही हसलो होतो.

शेवटी ठरलं ते मधलं. केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या एकत्र दुधाची एक पट्टी करायची. संशय आला तर त्या संस्थेत जाऊन शेतकऱ्यांच्या ठेवलेल्या बाटल्यांतून माग काढायचा. फॅटसाठी प्रत्येकाची बाटली भरलेली असतेच, वेगळा खर्च नाही.

या कामासाठी एका गावच्या संस्थेतली टेस्टर केंद्रावर घेतली. सहा वर्षं फॅट काढण्याचा अनुभव, हात स्थिर, अक्षर चांगलं. तिची निवड करताना मी अनुभव पाहिला. तिची नजर तपासली नाही, आणि तिला नाही म्हणण्याचा अधिकार किती आहे हे तर मनातही आलं नाही. नजरेचं निभावलं. दुसऱ्याचं नाही.

पट्टी वाचणं

ही पट्टी वाचण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. थोडंसं दूध छोट्या कपातल्या औषधात मिसळून ठरलेल्या तापमानाला ठेवायचं, त्यात पट्टी बुडवायची आणि दहा मिनिटांच्या आत वाचायची. पट्टीवर एक तुलनेची रेघ असते, ती नेहमी उमटते. दुसरी चाचणीची. दूध चांगलं असेल तर चाचणीची रेघ ठळक येते. औषध असेल तर ती पुसट होते, जास्त असेल तर नाहीशी होते. कोविडच्या किटने आपल्या सगळ्यांना उलटं शिकवलं आहे, तिथे दुसरी रेघ आली की घर हादरायचं. टेस्टरने पहिल्या आठवड्यात स्वतःच एक कागद करून भिंतीला लावला : ‘रेघ आली, दूध चांगलं. रेघ गेली, थांबा.’ किटसोबतचा कागद इंग्रजीत, केंद्राचं रजिस्टर कन्नड आणि इंग्रजीत, आणि तिची शाळा मराठी. तिचा तो कागद आमच्याकडचा सगळ्यात उपयोगी दस्तऐवज होता असं मी आज म्हणेन.

पहाटे केंद्रावरचा दिवा पिवळा होता. त्या उजेडात पुसट गुलाबी रेघ आणि नसलेली रेघ यांत फरक कळत नव्हता. तिने पांढरा दिवा मागितला. तो द्यायला मला तीन आठवडे लागले.

त्या सकाळी

एका संस्थेचं दूध, सुमारे तीनशे लिटर, पट्टीवर पुसट आलं. दुसरी पट्टी लावली, तीही पुसट. ते दूध वेगळं काढलं आणि टेस्टर संस्थेच्या गाडीतून त्या गावात गेली. सोबत आठ पट्ट्या होत्या. नवं खोकं दुसऱ्या दिवशी यायचं होतं.

संस्थेत त्या सकाळच्या साठ बाटल्या ओळीने ठेवलेल्या, दूध घालण्याच्या क्रमाने. साठ बाटल्यांना साठ पट्ट्या लावायच्या नसतात. निम्म्या बाटल्यांतलं थोडं-थोडं दूध एकत्र करायचं. त्यात संशय आला तर त्याच तीस बाटल्यांचे दोन भाग करायचे, नाही आला तर उरलेल्या तीस घ्यायच्या. तीस, पंधरा, आठ, चार, दोन, एक. सहा पट्ट्यांत काम होतं. ही युक्ती मीच शिकवली होती आणि तिचा मला अभिमान होता.

शेवटी ३१ आणि ३२ या दोन बाटल्या उरल्या. हाताला लागली ती ३२ वी, ती तपासली. रेघ पुसट आली. म्हणजे ३२. बाटली होती गावातल्या एका आजींची. दोन गायी, घरात सून आणि नातू.

टेस्टरने मला फोन केला. तिचं बोलणं मला जवळपास शब्दशः आठवतं.

‘सर, एक गोष्ट जुळत न्हाई. आठाच्या वेळी रेघ जेमतेम होती. चारला गेली, दोनला पण गेली. आता एकट्या बत्तीसला परत आली. पुसट हाय, पण आली.’

‘पुसट म्हणजे संशयितच ना?’

‘संशयितच. पण एकतीस बघू का? दोन पट्ट्या हायत.’

‘त्या संध्याकाळच्या टँकरला लागतील. राहू देत.’

निर्णयाचे क्षण

पहिला क्षण हाच, आणि तो निर्णय माझा होता. टँकरला दोन कप्पे, पट्ट्या दोनच. एक टँकर आधीच परत आला होता, दुसरा आला तर माझी नोकरी गेली असती. म्हणून मी वाचवलं ते टँकरचं काम आणि सोडून दिलं ते एका बाटलीचं.

तिने जे सांगितलं होतं त्यात सगळं होतं. विचार करा : दोष ३२ मध्येच असता तर जसजशा चांगल्या बाटल्या वगळत गेलो तसतसं औषध दाट व्हायला हवं आणि रेघ कमी कमी व्हायला हवी. शेवटच्या बाटलीवर तर मुळीच नको. इथे दोन बाटल्यांच्या मिश्रणावर नव्हती आणि एकटीवर उमटली. याचा एकच अर्थ निघतो, खरा माल शेजारच्या बाटलीत आहे. कसलीही पदवी नसलेल्या बाईने नुसत्या रेघांच्या ठळकपणावरून हे हेरलं होतं. मी फोनवर ‘पुसट म्हणजे संशयित’ एवढंच ऐकलं. निम्मं-निम्मं करत जाण्यात दोष एकाच बाटलीत आहे असं आपण न बोलता धरून चालतो. ते गृहीतक तिने माझ्यासमोर मोडून दाखवलं होतं.

दुसरा क्षण रजिस्टरचा. टेस्टरने लिहिलं ‘बाटली ३२, संशयित’. संस्थेच्या वहीत सचिवाने ते उतरवताना ‘खराब’ लिहिलं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या वहीत ‘संशयित’ असा रकानाच नव्हता. चांगलं, कमी प्रतीचं, नासकं, खराब, एवढीच वर्गवारी. वहीत ज्या शब्दाला जागा नाही तो निर्णय माणूस तरी कुठून घेणार?

तिसरा क्षण मला सगळ्यात मोठा वाटतो. संस्थेचं तीनशे लिटर दूध रोखणं आणि आजींवर ठपका ठेवणं हे दोन वेगळे निर्णय होते, आम्ही ते एकाच पट्टीवर घेतले. रक्तपेढीत हे वेगळं ठेवतात. दान आलेल्या प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया अशी पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे. चाचणीत काही आढळलं तर ती बाटली लगेच बाद होते, कारण चूक झाली तरी एक बाटली जाते. पण तेवढ्यावरून दात्याला ‘तुला आजार आहे’ असं सांगत नाहीत. त्याला बोलावतात, समुपदेशन करतात, पुन्हा तपासणीला पाठवतात. बाटली टाकायला संशय पुरतो. माणसाबद्दल बोलायला तो पुरत नाही.

आमच्याकडे सकाळी नऊपर्यंत संस्थेच्या फळ्यावर आजींचं नाव खडूने लिहून झालं होतं. त्यांचं दूध बंद.

तीन दिवस

आजी पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन संकलनाच्या वेळी स्टीलच्या वाटीत दही घेऊन आल्या आणि वाटी वजनकाट्यावर ठेवली. घट्ट लागलेलं दही.

‘अण्णा, औषधाचं दूध असतं तर दही लागलं असतं व्हय?’

सचिव म्हणाले, ‘आक्का, ते मशीनवर आलंय. माझ्या हातात न्हाई.’

‘चाळीस वरसं बिड्या वळल्या मी. छाट निघाली तर बिडी म्होरं टाकायचे, बघ म्हणायचे. तुमी काय टाकलंसा माझ्या म्होरं?’

निपाणीकडच्या माणसाला ‘छाट’ समजावून सांगावी लागत नाही. दिवसभर वळलेल्या हजारातून तपासणारा ज्या बिड्या बाद करतो ती छाट, आणि तिच्यावरून किती भांडणं झाली याची गणती नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातसुद्धा बिडी बाद करण्यावरून होणाऱ्या तंट्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागली, यावरून काय ते समजावं. आजींचं म्हणणं असं की छाटीतही अन्याय होता, पण बाद केलेली वस्तू डोळ्यांना दिसायची. इथे त्यांच्यासमोर कोणी पट्टीही धरली नव्हती.

दह्याचा पुरावा तसा अपुरा होता. ते त्या सकाळचं दूध नव्हतं, आणि औषध अगदी थोडं असेल तर घरचं दही लागूनही जातं. मी तेव्हा हेच सांगून विषय मिटवला. मी सांगितलेलं बरोबर होतं, आणि तरी त्या वेळी ते सांगणं चुकलं. माझ्या एका पट्टीचा पुरावाही तितकाच अपुरा होता, ते मी सांगितलं नाही.

टेस्टरने मात्र त्या सकाळीच ३१ आणि ३२ या दोन्ही बाटल्या बर्फात ठेवून केंद्रावर आणल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत गेल्या.

बाटल्यांत काय होतं

तिथली चाचणी वेगळ्या तत्त्वावर चालते. जेलीत उष्णता सोसणारे जिवाणू असतात. त्यावर दुधाचे थेंब टाकून ६४ अंशांवर सुमारे तीन तास ठेवतात. दूध स्वच्छ असेल तर जिवाणू वाढतात, आम्ल तयार होतं आणि जांभळा रंग पिवळा होतो. औषध असेल तर जिवाणू वाढत नाहीत, रंग जांभळाच राहतो. ३१ वी बाटली पूर्ण जांभळी राहिली. ३२ वी बरीचशी पिवळी, कडेला थोडी जांभळी छटा. आजींच्या दोन्ही गायींचं घरी जाऊन घेतलेलं ताजं दूध साफ पिवळं.

मग ३२ मध्ये तेवढंसं तरी आलं कुठून? पळीतून. मापाडी प्रत्येकाच्या दुधात पळी बुडवून बाटली भरतो. गर्दीच्या वेळी पळी विसळली जात नाही. वीस मिलिलिटरच्या पळीला अर्धा मिलिलिटर आधीच्याचं दूध चिकटून राहतं, म्हणजे चाळिसावा हिस्सा. फॅटसाठी हे काहीच नाही. एकाचं दूध ४.० चं आणि दुसऱ्याचं ३.८ चं असलं तर चाळिसाव्या हिश्शाने पडणारा फरक मशीनच्या आकड्यात दिसतही नाही. म्हणून इतकी वर्षं कोणी त्याकडे बघितलं नाही. पण ३१ मध्ये मर्यादेच्या पन्नासपट औषध असेल, तर त्याचा चाळिसावा हिस्सा पुढच्या बाटलीला मर्यादेच्या किंचित वर नेतो. पट्टीवर बरोबर पुसट रेघ.

आम्ही तपासणी नवी आणली आणि नमुना जुन्याच पळीने घेतला. सगळ्या प्रकरणात मला हीच गोष्ट आजही सतावते. टेस्टरला प्रशिक्षण दिलं, किट आणलं, तक्ते छापले. मापाड्याशी कोणी एक शब्द बोललं नाही, कारण तो टेस्टर नव्हता ना!

३१ वी बाटली संस्थेच्या संचालक मंडळातल्या एका गृहस्थांची होती. हा निव्वळ योगायोग होता असं मला वाटतं. गावाला तसं वाटलं नाही, आणि गावाला तसं का वाटावं हे मला समजतं. विचारल्यावर त्यांनी लगेच कबूल केलं. गायीला ट्यूब सोडली होती, सोडणाऱ्याने तीन दिवस सांगितले, तिसऱ्या दिवशी त्यांनी दूध घातलं. ‘आमच्या आठ-नऊ लिटरनं पाच हजारांत काय होतंय?’ हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. सगळं एकत्र झालं असतं तर टँकरच्या पट्टीवर ते दिसलंही नसतं. पातळ करून लपवणं आणि दूध स्वच्छ असणं यांत फरक आहे, एवढं मी बोललो. त्यांना ते पटलं की नाही, सांगता येत नाही.

काय बदललं

फळा त्याच दिवशी पुसला. सचिवांनी आजींच्या घरी जाऊन तीन दिवसांच्या दुधाचे पैसे दिले. मी सोबत गेलो होतो. आजींनी पैसे सुनेच्या हातात द्यायला सांगितले आणि चहा मात्र स्वतः ठेवला.

दोन्ही रजिस्टरांत ‘पुन्हा तपासा’ असा रकाना आला. टेस्टरने एवढंच लिहायचं. नाव, ठपका, दूध बंद, यातलं काहीही प्रयोगशाळेचं उत्तर आल्याशिवाय नाही, आणि ते सांगायचं सचिवाने, घरी जाऊन. संशयित संस्थेचं दूध त्या वेळेपुरतं वेगळं. संस्थेत दोन पळ्या आणि विसळायला वाहत्या पाण्याचा नळ. शेवटच्या जोडीतल्या दोन्ही बाटल्या तपासायच्याच, पट्ट्या कमी असल्या तर टँकर थांबवायचा.

एका गोष्टीवर आमच्यात वाद झाला. वरून सूचना आली होती की टेस्टरने पकडलेल्या प्रत्येक दोषी बाटलीमागे तिला बक्षीस द्यावं. टेस्टरने स्वतःच नकार दिला. ‘मग मला प्रत्येक रेघ पुसटच दिसायला लागंल,’ म्हणाली. उलट जिथे माल पास केल्यावर पैसे मिळतात तिथे प्रत्येक रेघ ठळक दिसते, हे मी फाउंड्रीत महिनाअखेरीला पाहिलेलं आहे. पगार ठरलेलाच राहिला, थोडा वाढवून.

दुसरी सुधारणा विमानतळांवरून उचलली. तिथे एक्स-रे पडद्यावर अधूनमधून खोट्या शस्त्राचं चित्र मुद्दाम सोडतात, बघणाऱ्याची नजर जागी आहे का ते कळावं म्हणून. आम्ही महिन्यातून दोनदा औषध मिसळलेली बाटली गुपचूप नमुन्यांत ठेवू लागलो. पहिल्या तीन तिने पकडल्या. चौथी सुटली, सकाळच्या पाळीच्या अगदी शेवटी. तिला बोल लावण्याआधी एक जुना प्रयोग मला आठवला. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी दाखवलं होतं की क्वचित येणाऱ्या खुणेकडे लक्ष लावून बसलेल्या माणसाचं भान अर्ध्या तासातच उतरू लागतं. आमची बाई सलग तीन तास बसत होती. आता चाळीस मिनिटांनी ती उठते आणि मदतनीस पट्ट्या वाचतो. गुप्त बाटलीचा प्रकार तिला आधी सांगायला हवा होता. नंतर कळल्यावर ती आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आज तीच सकाळ आली तर

एकतीस तपासायला सांगेन, हे उघड आहे. पण त्याहून आधी, टेस्टरला टँकर थांबवण्याचा अधिकार लेखी देईन. तिला माझ्या परवानगीची गरज पडली हाच दोष होता. फोनच्या या टोकाला मी टँकर बघत होतो आणि त्या टोकाला ती रेघ बघत होती. रेघ बघणाऱ्याचं ऐकलं जाईल अशी सोय नसेल तर तिथे टेस्टर नेमण्याऐवजी आणखी एक यंत्र ठेवलेलं काय वाईट?

नमुना कसा घेतला जातो ते पहिल्या दिवशी गोठ्यापासून बाटलीपर्यंत चालत जाऊन बघेन. आणि शेतकऱ्याला विचारण्याच्या पर्यायावर हसणार नाही. त्या प्रकरणानंतर तोच पर्याय पुन्हा पुढे आला : औषध दिल्याचं जो आधी सांगेल त्याचं दूध वेगळं मोजून ओतून द्यायचं आणि संस्थेच्या निधीतून त्याला निम्मा दर द्यायचा. मला याची अजून थोडी धास्ती आहे. कोणी फसवेलही. पण खोटं बोलून निम्मा दर घेणाऱ्यापेक्षा गप्प राहून पूर्ण दर घेणारा महाग पडतो, असं सचिवांनी मांडलं आणि ते बैठकीत टिकलं.

परिणाम

त्यानंतर आमचा टँकर परत आलेला नाही. यातलं श्रेय किती पट्टीचं आणि किती नशिबाचं, हे मी सांगणार नाही. पहिल्या महिन्यात औषध दिल्याचं कोणीच सांगितलं नाही. दुसऱ्या महिन्यात पहिली नोंद झाली, ती त्याच संचालकांची. त्यानंतर हळूहळू बाकीचे सांगू लागले, बहुतेक बायका. पुरुष अजून कमी सांगतात.

आजींनी दोन महिने संस्थेत दूध घातलं नाही, खासगी गाडीवाल्याला दिलं. दर कमी मिळत होता तरी. मग एका सकाळी सून किटली घेऊन आली. तेव्हापासून दूध सूनच घालते. आजी सोबत येतात आणि पायरीवर बसतात. त्यांचा नंबर आला की मापाडी पळी नळाखाली धरतो, उलटी करून झटकतो आणि त्यांच्याकडे बघतो. त्या मान हलवतात, मग तो पळी किटलीत बुडवतो.